चार साड्यांची वाकळ आणि मशीनपायी गेलेला महिना

लेक पुण्याला होस्टेलवर आहे. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, तिथलं ब्लँकेट टोचतं, मला घरची वाकळ दे. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात तिला आम्ही कोल्हापुरात वाकळ म्हणतो. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, सुती साड्या ट्रंकेत होत्या, मशीन घरचं होतं. "आठ दिवसांत पाठवते," असं मी बोलून बसले. लागले सव्वादोन महिने. त्या दिवसांत वहीत जे टिपलं ते थोडं नीट करून इथं उतरवते आहे. मशीन जुनं, काळं, लोखंडी, सरळ टाक्याचं. खाली पायडलचं स्टँड आणि मागे गेल्या पाडव्याला बसवलेली छोटी मोटर.

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

ट्रंक उघडली. सात साड्या निघाल्या. आत्याबाई म्हणाल्या सगळ्या सुती आहेत. मी तरी प्रत्येकीच्या पदराचे दोन-दोन धागे काढून काडेपेटीची काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि चिमटीत धरली तर राख उडून जाते. मिश्र असेल तर तो वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. सातांपैकी तिघींनी मणी सोडला. त्यातली एक इचलकरंजीहून आणलेली, आत्याबाईंची लाडकी. "दुकानदारानं तवा फशीवलं मला," म्हणून त्या तासभर कुणाशी बोलल्या नाहीत.

चार राहिल्या. हिशेब असा: साडी २१६ इंच लांब, ४५ इंच पन्हा. वाकळीची रुंदी ६० इंच धरली. एका साडीचे ६० इंचांचे तीन तुकडे पडतात, वर ३६ इंच पदराकडचं उरतं. असे दोन तुकडे शेजारी जोडले की एक थर होतो. पाच थर म्हणजे दहा तुकडे. चार साड्यांतून बारा निघतात. पुरतं.

चारही साड्या गरम पाण्यात भिजवल्या. लाल काठाचीही त्यातच टाकली. घाईत होते. बदामी साडीवर गुलाबी ढग उठले. ती आतल्या थराला लावायची ठरवली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मशीन गणपतीनंतर उघडलंच नव्हतं. चाक हातानं फिरवायला गेले तर दगड. जोर लावला तेव्हा कचकन पाव फेरा फिरलं आणि पुन्हा बसलं. तेलाच्या भोकांशी पांढरट-पिवळा चिकटा. आत्याबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तेल संपलं व्हतं मशीनचं. मीच घातलं थोडं. डोक्याचं."

खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि आमच्याकडं पहाटे गारठा पडायला लागला आहे. शिवाय ते जुनं झालं की धूळ धरून चिकट होतं. पूर्वी अशा वेळी रॉकेल घालून धुवायचे, पण रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून घरात थेंब नाही. पेट्रोल वापरू का, असं यांनी विचारलं. नको म्हटलं, देवघर शेजारी आहे.

काय केलं: लेकीचा केस वाळवायचा ड्रायर हेडवर, म्हणजे मशीनच्या वरच्या लोखंडी भागावर, दहा मिनिटं धरला, मग मशीनचं पांढरं तेल प्रत्येक भोकात तीन-तीन थेंब, चाक पुढं-मागं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा ड्रायर. पाच वेळा. बाहेर आलेलं तेल पहिल्यांदा चहाच्या रंगाचं होतं, पाचव्या वेळी बरंच स्वच्छ. वेळ दोन तास, तेलाची बाटली ५० रुपये. चाक फिरायला लागलं. हे काम मात्र मी मनापासून चांगलं केलं, पुढच्या नोंदी वाचताना हे लक्षात ठेवा.

९ नोव्हेंबर, शनिवार

शिवून पाहिलं. वरून टाका ठीक, खालून दोऱ्याचं घरटं. चार बोटं शिवलं की कापड अडकतं, कात्रीनं कापून सोडवावं लागतं.

मोटरचंही नाटक. पायाखालचा स्विच पाच मिनिटांत तापतो. वॉरंटी पाडव्यापर्यंत आहे, म्हणून कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवली. हिंदी की इंग्रजी एवढंच विचारलं. मराठीसाठी बटणच नव्हतं. तक्रारीचा अकरा आकडी नंबर मिळाला. "चोवीस तासांत आमचा माणूस संपर्क साधेल."

मशीनसाठी गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाला फोन केला. "उद्या येतो वहिनी."

१३ नोव्हेंबर, बुधवार

तो उद्या आज उगवला. मिस्त्री आला, चप्पल न काढता बसला, चाक दोनदा फिरवलं, बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, काढली, कानाशी हलवली. "टायमिंग गेलंय. हेड न्यावं लागंल." टायमिंग म्हणजे सुई आणि खाली दोरा पकडणारं शटल यांचा मेळ. वीस मिनिटांचे घरी येण्याचे ३०० रुपये घेतले. हेड स्टँडवरून उतरवून, आमच्याच जुन्या टॉवेलात गुंडाळून, स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घेऊन गेला.

माझी चूक: पावती मागितली नाही, फोटो काढला नाही, काय-काय जोडलेलं आहे ते लिहून घेतलं नाही. ऐन घाईत टॉवेलचीच काळजी केली.

आणि कंपनीचा मेसेज: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कुणी आलं नव्हतं. फोनही नव्हता. पुन्हा तक्रार, पुन्हा अकरा आकडे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आठ दिवसांत दुकानाला सहा फोन. मंगळवारी "पार्ट मागवलाय." कोणता, ते सांगेना. काल विधानसभेचं मतदान, दुकान बंद. आज म्हणाले, मिस्त्री निवडणुकीच्या कामात होता, दमलाय. आता शनिवारी निकाल. निकालानंतर मिरवणुकीत दमेल तो निराळा.

रिकाम्या स्टँडकडं बघत बसण्यापेक्षा साड्यांना इस्त्री केली. आत्याबाई म्हणाल्या, "हातानं घालायला बसली असतीस तर आत्तापतूर निम्मी झाली असती." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दोन आठवड्यांनी हेड मिळालं. आणायला आपणच जायचं. रिक्षा १२०. बिल १,४५० रुपये, एका ओळीत: "फुल सर्व्हिसिंग व पार्ट." कोणता पार्ट? "बॉबिन केस बदलली, शटल साफ केलं, टायमिंग सेट केलं." जुनी बॉबिन केस द्या म्हटलं तर "ती टाकून दिली ताई, भंगार होती."

घरी येऊन स्टँडवर चढवलं. वादी, म्हणजे पायडलचं चाक आणि वरचं चाक जोडणारा पट्टा, सैल लागली, चाकावरून घसरत होती. चामड्याची वादी वापरून ताणतेच, पण ही इतकी जुनी की भोक पाडायला गेले तर फाटली. महाद्वार रोडवरून नवी आणली, १०० रुपये. लांबी जुन्या वादीवर मापून कापली ती चूक. जुनी ताणलेली होती, म्हणून नवीही सैलच आली. पाऊण इंच आणखी कापून, टोच्यानं भोक पाडून तारेचा आकडा परत घातला. नवी वादी आधी चाकांवरून फिरवून घट्ट धरून बघावी आणि मगच कापावी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस शिवून पाहते आहे. खालचं घरटं आहे तसंच आणि आता वर एक नवं दुखणं: टाके सुटतात. पाच टाके बरे, मग अर्धा इंच नुसता लोंबता दोरा. म्हणजे एक आजार घेऊन गेलं होतं, दोन घेऊन आलं.

बॉबिन केस आणि शिवणीचा नमुना पिशवीत घालून दुकानात गेले. मालकांनी नमुना बोटावर फिरवला. "ताई, मशीन जुनं आहे. किती दिवस ओढणार? नवं घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देतो." मी म्हटलं, चौदाशे पन्नास घेताना ते जुनं नव्हतं का? त्यावर मागून मिस्त्री म्हणाला, "वापरायची पद्धत पण बघावी लागती." पाच थरांची वाकळ शिवणार आहे असं सांगितलं तर दोघं हसले. हेड परत आणा, बघतो, म्हणाले. परत नेलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

आज स्वतः उघडलं. दुपारी जेवणं झाल्यावर, खाली पांढरी चादर पसरून, म्हणजे स्क्रू पडला तर दिसतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. ही अक्कल १३ तारखेला हवी होती.

सुईखालच्या प्लेटचे दोन स्क्रू काढले. "फुल सर्व्हिसिंग" झालेल्या मशीनच्या, कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांमध्ये धुळीचा आणि धाग्याचा असा बोळा दडपला होता की तो नमदा म्हणून विकता आला असता. दाभणानं उचकटून काढला. दाते पुरते वर यायला लागले.

मग सुई. स्क्रू सैल केला तर सुई आणखी दोन मिलिमीटर वर सरकली. म्हणजे बसवताना पुरती वर ढकललीच नव्हती. सुई तेवढी खाली राहिली की शटलचं टोक दोऱ्याचा फास पकडायला येतं तेव्हा फास जागेवर नसतो, आणि टाका सुटतो. हे मला रात्री उशिरा, मशीन आडवं करून, चाक हातानं एकेक दात फिरवत पाहिल्यावर कळलं. सुई पुरती वर ढकलून घट्ट केली आणि टाके सुटणं बंद झालं. दुकानानं सेट केलेलं टायमिंग ठीकच होतं, सुईच नीट नव्हती. माझ्या मशीनला सुईची सपाट बाजू उजवीकडं राहते, दोरा डावीकडून उजवीकडं ओवायचा. तुमचं निराळं असेल तर एवढं बघा की सुईची लांब खाच ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं दोरा ओवला जातोय.

खालचं घरटं मात्र गेलं नाही. बॉबिन केसचा स्क्रू पिळून-पिळून झाला. रात्री साडेअकराला नाद सोडला.

२ डिसेंबर, सोमवार

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक म्हातारे शिंपीकाका आहेत. आता डोळ्यांमुळं फक्त पायजम्याच्या नाड्या आणि पिशव्या शिवतात. त्यांच्याकडं केस घेऊन गेले. त्यांनी ती केस हातातही घेतली नाही, आधी नमुना मागितला. उलटा केला, सुलटा केला.

"गुंता खाली हाय न्हवं? मग रोग वरचा, पोरी. वर गुंता आला आसता तर रोग खालचा. वरच्या दोऱ्याला ताण न्हाई, म्हणून त्यो खाली पसरतोय. खालची डबी बदलून काय हुणार?"

वरच्या ताणाच्या दोन चकत्या असतात त्यांच्यामधून जुन्या पोस्टकार्डाचा कोपरा फिरव म्हणाले. घरी आले, पोस्टकार्ड नव्हतं, लग्नपत्रिकेचा तुकडा घेतला. कापड दाबणारा पाय वर उचलला, कारण पाय खाली असताना चकत्या आवळलेल्या असतात, आणि पत्रिका मधून ओढली. लाल दोऱ्याचा बोटभर तुकडा बाहेर आला. गणपतीत मखराचं कापड शिवलं होतं त्याचा. चकत्या त्या तुकड्यावर टेकून उघड्या राहत होत्या, वरचा दोरा मोकाट.

दोरा पुन्हा ओवला, पाय उचलूनच. शिवलं. खाली-वर सारखं.

एवढ्यासाठी १,४५० रुपये आणि जवळजवळ चार आठवडे. त्यातले निम्मे दोष माझे. पाय खाली ठेवून दोरा ओवायची सवय मला वीस वर्षं आहे, आणि तसा ओवला तर दोरा चकत्यांत बसतच नाही, नुसता कडेवर टेकतो.

संध्याकाळी काकांना सांगायला गेले. तेव्हा त्यांनी नवी डबी हातात घेतली. भरलेलं बॉबिन आत घालून दोरा धरून ती लोंबती सोडली आणि मनगटाला हलका झटका दिला. डबी धाडकन जमिनीकडं गेली. "पत्र्याची हाय. पट्टीत जीव न्हाई." बरोबर ताण असेल तर झटक्यासरशी ती दोन-तीन बोटं खाली सरकून थांबते, हललीच नाही तर फार घट्ट. त्यांच्या डब्यातली एक जुनी, जड केस १५० रुपयांना दिली. पैसे घेत नव्हते, बळेच दिले. केसवर लगेच नेलपॉलिशचा ठिपका लावला. आमची मूळची केस भंगार होती की कुणाच्या मशीनमध्ये सुखानं चालते आहे, ते मला सिद्ध करता येणार नाही.

मोटर काढून ठेवली. तक्रार आणखी एकदा "निकाली" निघाली आहे. पायडलवर वेग आपल्या पायात राहतो. जाड जागी एकेक टाका घालता येतो, मोटरला तेवढं सावकाश चालताच येत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

कापणी. इथं पुन्हा घाई. ६० इंचांचे तुकडे आधी पाडले आणि काठ नंतर उसवायला घेतले. काठ कडक आणि जाड, ते जोडात नकोत, हे बरोबर. पण तुकडे पाडण्याआधी काठ काढले असते तर २१६ इंचांच्या सलग पट्ट्या मिळाल्या असत्या, आणि त्या कडेच्या गोटाला लागणार होत्या. आता माझ्याकडं ६० इंचांच्या पट्ट्यांचा ढीग आहे. आत्याबाईंनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

काठ गेल्यावर तुकडा ४१ इंच पन्ह्याचा राहिला. दोन जोडले की ८१. वाकळ ८१ बाय ६०, चालेल. पाचही थर मधोमध जोडून घेतले. मशीन मस्त चाललं. दीड तास.

६ डिसेंबर, शुक्रवार

थर एकावर एक घातले, हातानं साफ केले आणि मशीनवर कडेपासून फेरे घालायला बसले. आडव्या कडा सोप्या गेल्या. उभ्या कडेनं मधल्या जोडाशी आले की टक्क. सुई मोडली. दुसरी घातली, सावकाश गेले, टक्क. तिसरी जाड घातली, चाक हातानं फिरवलं, ती वाकली.

पाची थरांचे जोड एकाच रेषेत आणलेले. जोडाच्या जागी प्रत्येक थराचं कापड तिहेरी होतं, म्हणजे पाचाचे तिथं पंधरा. ही वाकळ झाली असती तर पोरीच्या कमरेखाली रोज दोरखंड आला असता.

त्याहून वाईट पुढंच. तीन फेरे झाल्यावर जमिनीवर पसरून पाहिली तर मध्ये फुगा. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागं राहतं, आणि कडा शिवून बंद केल्यामुळं जादाचं कापड मध्ये जमा होत जातं. थर तात्पुरते धरून ठेवणारे कच्चे टाके मी घातलेच नव्हते. फक्त टाचण्या, तीस-एक. बेत आठवड्याभरातला होता ना.

सुयांचं पाकीट ८० रुपये, दहांतल्या तीन गेल्या.

७ ते १० डिसेंबर

उसवणं. चार संध्याकाळी. रेझरच्या पात्यानं करायला गेले आणि कापडाला बोटभर चीर गेली, तिथं पुढं ठिगळ आलं. त्यानंतर दर चौथा टाका छोट्या कात्रीनं कापून खालचा दोरा ओढायचा. असं सलग निघतं. मालिका बघत करता येणारं एवढं एकच काम या सगळ्यात होतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आत्याबाई स्वतःहून आल्या. गुडघे दुखतात म्हणून खाली बसत नाहीत, आज बसल्या. "सर. मला दाव."

त्यांनी आतल्या तिन्ही थरांचे जोड उसवायला लावले. आतल्या थराला शिवण कशाला? नुसतं कापडावर कापड बोटभर चढवून ठेवायचं, टाके धरून ठेवतात. मग एका थराचा एक तुकडा २० आणि २१ इंचांचा कापून अख्ख्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना मांडला, म्हणजे त्या थराचे जोड मधोमध न येता कडेच्या पावभागावर गेले. पुढच्या थराचे आणखी सरकवले. शिवलेले जोड फक्त वरच्या आणि खालच्या थराला राहिले. तेही इस्त्रीनं दोन्हीकडं पसरवून चपटे केले.

गुलाबी ढगांची साडी मध्ये गेली. चीर गेलेल्या जागी वरून त्याच साडीच्या पदराचं ठिगळ, पानाच्या आकाराचं.

कच्चे टाके: मधून सुरू करून बाहेर, आडवे-उभे, वीत-वीत अंतरावर, मोठे-मोठे. प्रत्येक ओळीनंतर आत्याबाई दोन्ही तळव्यांनी कापड मधून कडेकडं सारायच्या, पिठाची परात साफ करावी तसं. अडीच तास लागले. उचलून झटकली. थर हलले नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. नरसोबाच्या वाडीला गेलो. काम नाही.

१६ ते ३० डिसेंबर

मशीनवर टाके घालायचा विचार सोडला. हातानंच.

धावदोरा, कडेपासून आत, एक बोट अंतर ठेवत चौकोनी फेरे. मी विचारलं, कडेपासून सुरू केलं की फुगा येतो ना? "कच्चं घातलंय न्हवं. आन् हात कापड वडत न्हाई, मशीन वडतंय." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

दोरा: मी आणलेलं पॉलिस्टरचं रीळ आत्याबाईंनी बाजूला सारलं. जुन्या कापडाला असला दोरा कातरतो म्हणाल्या. सुती जाड दोरा आणला, १४० रुपये. तो हातभरच घ्यायचा. मी कंटाळून लांब घेतला की तिसऱ्या टाक्याला गाठ. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घेतला की गुंता निम्म्यानं कमी होतो आणि पाच थरांतून सरकतोही बरा. सुई लांब हवी, पण फार जाड नको. दाभणासारख्या सुईनं भोकं मोठी पडतात. मधल्या बोटाला अंगुस्तान नसेल तर दुसऱ्या दिवशी सुई धरता येत नाही, हे मी दुसऱ्या दिवशी शिकले.

हिशेब केला. कडेचा फेरा २८२ इंच, पुढचा प्रत्येक आठ-आठ इंचांनी कमी. असे तीस फेरे म्हणजे एकूण पाच हजार इंचांच्या जवळ, सव्वाशे मीटर. पहिला फेरा आम्ही दोघी समोरासमोर बसून चाळीस मिनिटांत केला. त्या गतीनं बारा-एक तासांत संपायला हवं होतं. प्रत्यक्षात चौदा लागले, कारण आत्याबाईंना मध्ये चहा लागतो आणि माझे टाके त्यांना तीनदा उसवावेसे वाटले. त्यांचे टाके पेराला दोन, सगळे सारखे. माझे, त्यांच्या शब्दांत, "कोंबडीनं उकरल्यागत".

वाकळीवर आता बघितलं तर कोणती बाजू कोणाची ते लांबून कळतं. एका कोपऱ्यात तर फेऱ्याच्या मध्येच माझी ओळ त्यांच्या ओळीला भेटायला वाकडी होत गेली आहे. ते राहू दिलं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कच्चे टाके काढले. गोट लावला. ६० इंचांच्या पाच पट्ट्या तिरप्या जोडून एक लांब पट्टी केली. सरळ जोड कडेवर गाठीसारखा येतो, तिरपा पसरतो. वरची बाजू मशीनवर, मागची हातशिलाईनं. कोपऱ्यांवर सुईला जाड लागतं, तिथं पायडलवरून पाय काढायचा आणि चाक हातानं. सोळा नंबरची सुई, टाका मोठा. एकही मोडली नाही.

या वाकळीत मशीनवर झालेली शिवण मोजली: वर-खालच्या थरांचे दोन जोड १२० इंच आणि गोट २८२ इंच. दहा मीटर आणि वर वीतभर. आत्याबाईंना आकडा सांगितला नाही.

१२ जानेवारी, रविवार

एकदा धुऊन, दोन दिवस गच्चीत उन्हात टाकून, आज भावाच्या गाडीतून पुण्याला पाठवली. उद्या भोगी, म्हणजे थंडीच्या शेवटाला का होईना पोचली.

खर्च, ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी. मिस्त्री घरी येण्याचे ३००, दुकानाचं बिल १,४५०, रिक्षा १२०: हे १,८७० मी भरले नसते तरी वाकळ झाली असती. लागलंच असतं ते: वादी १००, बॉबिन केस १५०, सुया ८०, तेल ५०, दोरा १४०, मिळून ५२०. बॉबिन केसही खरं तर लागली नसती, पण जुनी गेली ती गेलीच. सगळं मिळून २,३९०. साड्या घरच्या.

१९ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. रूममधली दुसरी मुलगी पण मागते आहे. दोन तुकडे आणि पदराकडची चार उरली आहेत, त्यातून तान्ह्या बाळाचं दुपटं होईल, मोठ्या माणसाची वाकळ नाही.

कंपनीचा मेसेज आला आहे: आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या. मोटर अजून कपाटावर आहे, वॉरंटी पाडव्यापर्यंत.

मशीनमध्ये चाकाच्या बाजूनं एक टकटक येते. तेल घातलं की दोन दिवस जाते, पुन्हा येते. चाकाच्या आतल्या स्क्रूचा संशय आहे. पुढच्या रविवारी पांढरी चादर पसरून उघडणार. शिंपीकाकांना विचारलं, ते म्हणाले, "आवाज करतंय म्हंजे चाललंय."